एक बरोबर, दोन बरोबर

५ जानेवारी

धाकट्या,

पत्र फाडण्याआधी एवढं वाच: हे पत्र बाबांबद्दल नाही. पत्ता कळवताना तू कार्डावर बजावलं होतंस की बाबांबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. नऊ वर्षांत मी ते पाळलं. खरं तर काहीच लिहिलं नाही, त्यामुळे पाळणं सोपं गेलं.

हे पत्र भागाकाराबद्दल आहे.

तुझा जुना संगणक मी माळ्यावरून खाली काढला. पंखा घरघरतो, दोन बटणं अडकतात, पण चालतो. त्याच्याच खोक्यात तुझं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक होतं, समासात तुझ्या बारीक अक्षरातल्या नोंदींसकट. एके ठिकाणी तू लिहिलंयस, "हे सरांनाही कळलेलं नाही." मला हसू आलं. तीन महिने झाले, रोज दुपारी तासभर मी ते पुस्तक घेऊन बसते. छत्तिसाव्या वर्षी हे काय खूळ, असं म्हणशील. म्हण.

पुस्तकातली उदाहरणं संपली, तेव्हा मी स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहिला. आपली पाण्याची टाकी आहे, तिच्यासाठी. टाकीत किती लिटर आहेत आणि मिनिटाला किती लिटरची धार लागली आहे हे सांगितलं, की टाकी किती तास पुरेल ते तो सांगतो. टाकी संपायच्या आत मला घरी असावं लागतं, म्हणून. थोडी मिनिटं राखीव धरली आहेत. धार मोठी असेल तर जास्त. तुला वाचायला सोपं जावं म्हणून सगळी नावं मराठीत उतरवते:

पूर्णांक लिटर, धार, राखीव, मिनिटं, तास;
(लिटर आणि धार विचारून घे)
जर (धार = २) राखीव = १०;
नाहीतर राखीव = २०;
मिनिटं = लिटर / धार − राखीव;
तास = मिनिटं / ६०;
(तास दाखव)

मी तीनशे सत्तर लिटर आणि धार दोन असं दिलं. म्हणजे एकशे पंच्याऐंशी मिनिटं, दहा राखीव, उरली एकशे पंचाहत्तर. तीन तासांना पाच मिनिटं कमी. आणि हा म्हणतो, दोन! आठ दिवस मी त्याच्यावर विश्वास ठेवून दोन तासांच्या आत धापा टाकत घरी येत होते. काल सहज पेन्सिलनं करून पाहिलं तर कळलं की जवळजवळ एक तास हा रोज खातोय.

भागाकारच चुकतोय. का?

तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही. असता तरी तू उचलला नसतास. पत्र निदान दाराच्या फटीतून आत तरी येतं. बाकी काही लिहू नकोस, फक्त उत्तर लिही.

ताई


२१ जानेवारी

धाकट्या,

कार्ड मिळालं. "तास पूर्णांकात का घेतलास? दशांश प्रकारात घे." एवढंच. ना प्रिय, ना तुझा. पण अक्षर तुझंच होतं. पोस्टमननं कार्ड उलटसुलट करून विचारलं, "कुणाचं हो?" मी म्हटलं, शिकवणीवाल्याचं.

तू सांगितलंस तसं केलं. आधी तो दोन म्हणायचा, आता म्हणतो दोन पॉइंट शून्य शून्य. चोर तोच, फक्त इस्त्रीचे कपडे घालून आला.

मी पुस्तकातलं ते प्रकरण पुन्हा वाचलं. पूर्णांक, दशांश, अक्षर, कोणाला किती जागा लागते, सगळं पाठ झालंय. पण वाचलेलं कळतं आणि हाताखालचं चुकतं, असं का होतं? तुला कधी असं झालं होतं का? तू तर शाळेतही एकदाच ऐकायचास.

इथे सगळं ठीक आहे. म्हणजे जसं होतं तसंच. सामानाची खोली आठवते ना, जिथे तू अभ्यासाला बसायचास? संगणक तिथेच मांडलाय. दार उघडं ठेवते, म्हणजे पुढच्या खोलीतला आवाज येतो. कसला आवाज, ते तू विचारणार नाहीस, म्हणून मी सांगत नाही.

ताई


९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

चाललं! दोन पॉइंट नऊ एक सहा. मी चक्क टाळी वाजवली. पुढच्या खोलीतून हाक आली, "काय झालं गं?" मी म्हटलं, डास.

तुझं कार्ड या वेळी चार ओळींचं होतं. "साठऐवजी साठ पॉइंट शून्य लिही. दोन्ही बाजूंना पूर्णांक असले की भागाकारही पूर्णांकातच होतो, उरलेलं तिथल्या तिथे टाकून दिलं जातं. मग ते उत्तर कितीही मोठ्या डब्यात ठेव, टाकलेलं परत येत नाही. सगळेच शिकताना हे चुकतात." ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. मला बरं वाटावं म्हणून लिहिलीस की सवयीनं, कोण जाणे.

आता तुला थोडं काही सांगते. रागावू नकोस, नियम मोडत नाही, माझ्याबद्दलच सांगतेय. मी दिवसातून एकदा बाहेर पडते. औषधांचं दुकान, भाजी, बँक, बस्स. सारखं घड्याळ बघत चालते, त्यामुळे रस्त्यात कोणी भेटलं तरी मी उभी राहत नाही. शाळेतली एक मैत्रीण परवा म्हणाली, "तुला कधी बघावं तर पाठच दिसते." शेजारी शिवणकाम करणाऱ्या काकू राहायला आल्या आहेत. त्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली ठेवलीय. त्या म्हणतात, "अगं, मी आहे ना, जाऊन ये निवांत." पण त्यांच्या मशीनपुढे त्यांना जगबुडी झाली तरी ऐकू यायचं नाही.

टाकी उशाशी आहे. तिचा काटा बघायला वाकावं लागतं.

वरचं वाक्य खोडणार होते. राहू दे. शाई संपत आलीय.

औषधांच्या दुकानात भिंतीवर एक चिठ्ठी लावलीय. एका संगणक वर्गाला माणूस हवंय. नव्या विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम तपासायचे, चुका दुरुस्त करायच्या. अर्धा दिवस. एक छोटी परीक्षा आहे. मी नुसतीच वाचली हं. आपलं काय तिथे.

ताई


२ मार्च

धाकट्या,

नियम मोडते आहे. बाबा दवाखान्यात आहेत. परवा दुपारी श्वास कोंडला. आता धोका टळलाय असं डॉक्टर म्हणतात. चार-पाच दिवस ठेवतील.

तुला माहीत नाही, पण तीन वर्षं झाली, ते प्राणवायूवर आहेत. फरशी कारखान्यात पंचवीस वर्षं जी धूळ ओढली तिनं फुप्फुसं दगड झाली आहेत. घरात विजेवर चालणारं मशीन आहे आणि वीज गेली तर जवळ एक टाकी. मशीनमध्ये बिघाड झाला. मी औषधं आणायला गेले होते.

ये असं म्हणत नाही. कळवलं फक्त.

ताई


६ मार्च

धाकट्या,

आधीच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मशीनला काहीही झालं नव्हतं आणि मी औषधं आणायला गेले नव्हते.

पाण्याची टाकीही नव्हती. तेवढं आता तुला कळलंच असेल. प्राणवायूच्या टाकीसाठीच होता तो प्रोग्रॅम. वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि मी नसताना गेली तर बाबांना उठून नळी बदलता येत नाही. म्हणून मी बाहेर जाताना त्यांना टाकीवर लावून जाते. टाकी पुरेल तितका वेळ माझा. तीन वर्षं माझं सगळं जाणंयेणं त्या काट्यावर चाललंय. तुला खरं सांगितलं असतं तर तू कार्ड केराच्या टोपलीत टाकलं असतंस असं मला वाटलं. म्हणून पाणी म्हटलं.

आता त्या दिवसाचं. मी त्या वर्गाची परीक्षा द्यायला गेले होते.

त्याच्या आठ दिवस आधी डॉक्टरांनी बाबांची धार दोनाची चार केली होती. त्या आठ दिवसांत मी कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. परीक्षेच्या सकाळी टाकी नवीन होती, चारशे लिटर. मी प्रोग्रॅममध्ये चारशे घातले, धार चार घातली. उत्तर आलं, तीन पॉइंट एक सहा, म्हणजे तीन तास दहा मिनिटं.

धाकट्या, धार दुप्पट झाली की वेळ निम्मा होतो. पाचवीतलं पोर सांगेल. मी तो आकडा पाहिला आणि मला तो आवडला. परीक्षा दोन तासांची, जाऊन-येऊन एक तास. बरोब्बर बसत होता. मी पेन्सिल उचलली नाही. पावणेदहाला टाकी लावली, काकूंना सांगितलं, बाबांना म्हटलं, "औषधं आणते, आज रांग असेल." ते म्हणाले, "लवकर ये." ते रोजच म्हणतात.

वर्गात सोळा टेबलं होती आणि आम्ही पाच जण. बाकीचे चौघं माझ्या निम्म्या वयाचे. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी प्रत्येकापुढे दहा प्रोग्रॅम ठेवले, सगळे नवशिक्यांनी लिहिलेले, प्रत्येकात एक चूक. चूक शोधायची, दुरुस्त करायची आणि विद्यार्थ्याला कळेल असं एका ओळीत समजावायचं. पहिल्यातच पूर्णांकाचा भागाकार होता. मी तुझा डबा लिहिला. दुसऱ्यात बेरीज आधी व्हायला हवी होती आणि कंस नव्हता. तिसऱ्यात कुणीतरी पूर्णांकात मावणार नाही इतका मोठा आकडा कोंबला होता आणि उत्तर उणे येत होतं. एकेक सुटत गेला. किती वर्षांनी माझ्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट होती. मला वाटतं मी गुणगुणतही होते, कारण शेजारच्या मुलीनं वर पाहिलं.

सातवा प्रोग्रॅम असा होता की पस्तीस गुण असतील त्यांच्या नावापुढे 'काठावर पास' यायला हवं, आणि येत होतं सगळ्यांच्याच नावापुढे. शून्यवालाही काठावर पास. मी बघितलं. जर, कंस, गुण, मग एकच बरोबरचं चिन्ह, मग पस्तीस. तिथे दोन हवीत. मी गोल केला आणि खाली लिहायला घेतलं, "एक बरोबर म्हणजे ठेवणं, दोन बरोबर म्हणजे विचारणं. तू गुण पस्तीस आहेत का असं विचारलं नाहीस, तू ते पस्तीस"

एवढंच लिहून झालं. पुढे हात चालेना. जर, कंस, धार, बरोबर, दोन. माझ्या प्रोग्रॅममध्ये एकच आहे. मी धार किती ते विचारतच नाहीये, मी ती दोन करून टाकतेय. मी काहीही घातलं तरी तो दोनच धरणार. नेहमी धार दोनच होती, म्हणून इतके दिवस कळलं नाही. चारशे भागिले चार, शंभर मिनिटं. पावणेदहाला लावली. साडेअकराच्या आत संपणार. भिंतीवर अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी उठले. बाई म्हणाल्या, "काय झालं?"

"माझा प्रोग्रॅम चुकलाय."

"अहो, मग दुरुस्त करायलाच तर बसवलंय तुम्हाला."

सगळे हसले. मी पिशवी तिथेच टाकून पळाले.

बस मिळाली, पण घर अर्ध्या तासावर. काकूंना फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा. पुन्हा. मला त्यांच्या मशीनचा आवाज जणू बसमध्ये ऐकू येत होता. सहाव्यांदा उचलला, तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. मी एवढ्यानं ओरडले की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. काकू किल्ली घेऊन गेल्या, फोन कानालाच होता. मग त्यांचा आवाज आला, "अगंबाई. अगं, हे खाली पडलेत."

"काळे-निळे पडलेत का?"

"ओठ... अगं, बघवत नाही मला."

"काकू, बघा. टाकीची नळी काढा आणि भिंतीकडच्या मशीनला लावा."

"कुठली नळी? इथे दोन आहेत!"

"नाकाकडून येते ती. ओढा. घाबरू नका, ओढा. आता मशीनवर डावीकडे तोंड आहे बघा, नळाला पाइप बसवतो तसं बसवा. आणि लाल बटण."

"लाल नाहीये इथे!"

लाल नाहीच आहे, धाकट्या. नारिंगी आहे. तीन वर्षं रोज मी ते दाबते आणि मला वाटत होतं लाल आहे.

"जे असेल ते दाबा."

मग मशीनची घरघर ऐकू आली. तो आवाज मला तीन वर्षं नकोसा झालाय. बसमध्ये मी तो फोन कानाशी घट्ट धरून रडले. शेजारच्या बाईंनी काही न विचारता मला खिडकीची जागा दिली.

मी पोचले तेव्हा बाबांचं डोकं काकूंच्या मांडीवर होतं आणि रुग्णवाहिका खाली आली होती. बाबा पलंगापासून मशीनपर्यंत निम्मं अंतर सरपटत गेले होते. नळी त्यांच्या मुठीत होती, सोडवावी लागली.

हे सगळं माझ्यामुळे. एका चिन्हामुळे असंही म्हणता येईल, पण चिन्ह काही आपणहून चारचे दोन करत नाही. मला जायचं होतं, म्हणून मी आकडा तपासला नाही. हे तुला सोडून कोणाला लिहू? डॉक्टरांना मी मशीन बिघडलं असंच सांगितलंय.

ताई


१९ मार्च

तुझं पत्र आलं. पहिलं खरं पत्र, दोन पानांचं. ते वाचून मी तसंच टेबलावर ठेवलं आणि पूर्ण दिवस त्याला हात लावला नाही.

"ती चूक मला पहिल्याच दिवशी दिसली होती."

दिसली होती. जर, कंस, धार, एकच बरोबर. माझ्या अक्षरात लिहिलेलं, तुझ्या समोर. आणि तू भागाकाराचं तेवढं सांगितलंस. कारण मी भागाकाराचंच विचारलं होतं. तू लिहितोस, "मनात म्हटलं, पाण्याची टाकी तर आहे, पडू दे कोरडी एकदा, कळेल तिला. नऊ वर्षांनी कामापुरती आठवण झाली ना." असं अगदी खरंखरं लिहिलंस. खोटं लिहिलं असतंस तर बरं झालं असतं, असं मला आधी वाटलं.

मी चिडले, धाकट्या. इतकी चिडले की पातेलं आपटलं. तुला एक ओळ जड होती? शाळेत मी तुझी पाढ्यांची वही तपासायचे तेव्हा विचारलेल्याच चुका दाखवायचे का?

मग काल पुन्हा वाचलं. मी प्राणवायू असं लिहिलं असतं, तर तू त्याच दिवशी तार केली असतीस. मला माहीत आहे. मी लपवलं, तू लपवलंस, आणि मधे ते फरशीवर सरपटत होते. कोणाचं किती, ते मला मांडता येत नाही. तूही मांडू नकोस.

तू शेवटी नंबर दिलास. मी लावलेला नाही. फोनवर तू "सॉरी ताई" म्हणशील आणि मी लगेच "असू दे रे" म्हणेन, आणि ते इतक्या लवकर असू दे असं मला वाटत नाही.

आता बाबांचं. ते घरी आलेत. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठे गेली होतीस?" मी म्हणणार होते औषधं, पण माझ्यात त्राण नव्हतं. म्हटलं, "परीक्षेला. संगणकाच्या."

ते छताकडे बघत होते. मी म्हटलं, "बाबा, आणखी एक. नऊ वर्षांपूर्वी माझ्या शिक्षणाचा तो फॉर्म त्यानं माझ्याकडून सही घेऊनच भरला होता. मला दुसऱ्या शहरात जाऊन शिकायचं होतं. मीच त्याला म्हटलं होतं की तू बाबांशी बोल. आणि तुम्ही विचारल्यावर मीच म्हटलं की मला काही माहीत नाही, यानंच परस्पर भरला. तो लबाड नव्हता. तुम्ही त्याला घराबाहेर काढलंत तेव्हा तो खरं बोलत होता."

नऊ वर्षं हे वाक्य मी तोंडातून काढलं नव्हतं. मला वाटलं होतं ते ऐकून काहीतरी कोसळेल.

बाबा म्हणाले, "ठाऊक होतं मला."

मी म्हटलं, "काय?"

"सही तुझी होती. मी काय तुझी सही ओळखत नाही?" मग दम घ्यायला थांबले. "तू गेली असतीस तर मी काय करणार होतो? तुमची आई नाही. तो तर जाणारच होता. एक तरी राहायला पाहिजे होतं."

नंतर नर्स आली, आणि त्यांनी तिला उशी नीट करायला सांगितली.

तुला हे कळायला हवं म्हणून लिहिलं. त्यांचा राग करावा म्हणून नाही, आणि करू नये म्हणूनही नाही. आम्ही तिघांनी मिळून तुला खोटं ठरवलं, असं लिहिणार होते, पण तिघं कुठले, दोघंच. मी आणि ते. तुझा काय दोष त्यात.

ताई


११ एप्रिल

धाकट्या,

तू पुढच्या खोलीत बाबांची दाढी करतोयस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहितेय. लोक हसतील. पण तू येऊन सहा दिवस झाले आणि आपण धार, टाकी आणि चहा यांपलीकडे बोललेलो नाही. तोंडासमोर तू आलास की मी विचारते, "साखर घालू?"

तू त्या वर्गात जाऊन माझी पिशवी आणलीस ते बरं केलंस. बाईंनी तुझ्याकडे निरोप दिला की सहा बरोबर, सातवा अर्धा, उरलेले तीन येऊन सोडवा. काल तू घरी होतास म्हणून मी गेले आणि सोडवले. नववा जमला नाही. तरी त्यांनी घेतलं. म्हणाल्या, "सातव्यात तुम्ही जे समजावलंय ते अर्धंच आहे, पण मी ते फळ्यावर लिहिलंय."

एक तारखेपासून यायला सांगितलंय. रोज चार तास.

तुझी रजा अठ्ठावीसला संपते.

पुढे काय ते आपण दोघंही टाळतोय, म्हणून मीच लिहिते. तू गेलास की मी पुन्हा दारं उघडी ठेवून आवाज ऐकत बसेन, आणि एक तारखेला बाईंना कळवेन की जमत नाही. मला कोणी अडवणार नाही. मीच तसं करेन, मी स्वतःला ओळखते. तेव्हा तू त्यांना घेऊन जा. चार महिने. डॉक्टरांशी मी बोललेय. प्रवासात टाकी सोबत ठेवून, मधे एक मुक्काम करून नेता येईल म्हणाले. तुझ्याकडे वीज सहसा जात नाही. मशीन मी बांधून देईन.

बाबांना मी विचारलं नाही. तेव्हा मला विचारलं गेलं आणि मी खोटं बोलले. या वेळी तू मला विचार, मी खरं सांगेन.

हे पत्र तुझ्या बशीखाली ठेवतेय. वाचून बाहेर ये आणि काहीतरी बोल. साखर सोडून.

ताई


३० मे

प्रिय धाकट्या,

पत्र मिळालं. बाबांचं खाणं सुधारलं हे वाचून बरं वाटलं. सकाळी ते गॅलरीत बसतात हेही.

मी बरी आहे. पहिले आठ दिवस कामावरून आल्यावर काय करायचं ते कळत नव्हतं. दुपारी जेवून मी बाबांच्या रिकाम्या पलंगाकडे बघत बसायचे. एकदा तर वीज गेली तशी धडपडत उठले आणि खोलीच्या मधोमध उभी राहिले. शिवणकाकूंनी मला आपल्याकडे बसवून काज करायला शिकवलं, म्हणे हाताला काम असलं की डोकं थांबतं. माझी काजं बघून त्या म्हणाल्या, "तू आपली संगणकाचीच बरी."

वर्गात बेचाळीस मुलं आहेत. एक मुलगी रोज तीच चूक करते. वजनं आणि मापं अक्षरांच्या प्रकारात घेते, मग त्यांची बेरीज करते. दोन आणि दोन, बावीस. मी तिला रागावत नाही. तिचं काम मी पूर्ण वाचते, तिनं विचारलेलं नसलं तरी. बाई म्हणतात, एवढा वेळ एका वहीला घालवू नका. घालवते.

आता तुझ्या शेवटच्या पानाबद्दल. तू लिहिलंयस, "ताई, अर्धा तास बाहेर जाता येत नाही गं. मित्रांकडे जाणं बंद झालं. दर वेळी परत येऊन दार उघडण्याआधी मशीनचा आवाज ऐकत उभा राहतो. तू तीन वर्षं हे कसं केलंस? आणि बाबा रोज विचारतात, ती कधी येणार. तू कधी येतेस?"

माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं: आलेच. पिशवी कुठली घ्यायची तेही मनात आलं.

नाही येत. चार महिने ठरले आहेत, ऑगस्टअखेर होतील. त्यानंतर बाबा इथे, माझ्याकडे, आणि पुढचे चार पुन्हा तुझ्याकडे. मला माया नाही असं समजू नकोस. बाबांना सांग, ती ठीक आहे, कामाला जाते आणि इतक्यात येत नाही. असंच सांग, गोड करू नकोस.

दुपारी कोणाला तरी बसव त्यांच्यापाशी. खालच्या मजल्यावर निवृत्त गृहस्थ आहेत असं तू लिहिलं होतंस, त्यांना विचार. नळी कशी बदलायची ते त्यांना दोनदा करून दाखव, आणि तिसऱ्यांदा त्यांच्याकडून करून घे. मग चप्पल घाल आणि जा. पहिल्यांदा जिन्यातच तुला परत फिरावंसं वाटेल. फिरू नकोस. परत आलास की बाबा काही बोलणार नाहीत. ते फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतील, मग तुझ्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

बघू देत.

तुझी
ताई